शारीरिक अपंगत्व, शाळा आणि डॉक्टरांची लेखणी

आम्ही डॉक्टर मंडळी औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून लिहितो. मुलाचे वय, वजन, त्याला कशाची ॲलर्जी आहे का, हे सर्व विचारल्याशिवाय कागदावर औषधाचे नाव उमटत नाही. त्याच कागदावर मुलाविषयी दोन ओळींचे प्रमाणपत्र लिहिताना मात्र तेवढी सावधगिरी आपण बाळगतोच असे नाही. शाळेत जाणाऱ्या, शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलाविषयी आपण कोणत्या शब्दांत लिहावे व बोलावे, याचा विचार प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे. या विषयाकडे मी एखाद्या भाषातज्ज्ञाच्या भूमिकेतून वळलो नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीने मला त्याकडे वळविले. म्हणून आरंभ त्या चुकीपासूनच करतो.

एक जुना कागद

गोष्ट १९८४ सालची आहे. बरकतपुऱ्यात माझा दवाखाना सुरू होऊन पाच-सहा वर्षे झाली होती. काचीगुडा स्थानक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे परिसरातील मराठी कुटुंबांबरोबरच मनमाड मार्गावरील मीटरगेज गाडीने नांदेड-परभणीकडून येणारे रुग्णही पुष्कळ असत. आठवड्यातून दोन-तीन तरी मुले पोलिओची असत. त्या काळात लस उपलब्ध झाली होती, पण ती घरोघरी पोहोचली नव्हती. भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण पुढे २०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त घोषित झाला. आजच्या तरुण डॉक्टरांना पोलिओचा नवा रुग्ण पाहण्याची वेळ येत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे.

अशाच एका संध्याकाळी निंबोळीअड्ड्याला राहणारी एक माता आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला होता. दोन्ही पायांत कॅलिपर, काखेत कुबड्या आणि खांद्याला दप्तर. शाळेने प्रवेशासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले होते. मी तपासणी केली. शाळेचे वर्ग पहिल्या मजल्यावर आहेत, असे आईच्या बोलण्यातून समजले. बाहेर रुग्णांची रांग होती. मी लेटरहेड ओढले आणि इंग्रजीत एक वाक्य लिहून सही-शिक्का केला. त्या वाक्याचा मराठी अर्थ असा : 'सदर मुलगी दोन्ही पायांनी पांगळी असून नियमित शाळेस अयोग्य आहे.'

मला म्हणायचे होते ते एवढेच की, हिला जिना चढणे कठीण जाईल. लिहिले गेले ते फार निराळे. शाळेने तो कागद वाचला, फाइलला लावला आणि प्रवेश नाकारला. कागदावर डॉक्टरांचीच सही असल्याने आईवडिलांना वाद घालण्यास जागाच उरली नाही. मुलगी दोन वर्षे घरी बसली. पुढे दुसऱ्या एका शाळेतील मुख्याध्यापिकेने तिला तळमजल्यावरच्या वर्गात बसवून घेतले, हे मला तेव्हा समजलेही नाही.

मला ते कळले २००९ साली. ती आपल्या मुलाचा मोडलेला हात दाखविण्यासाठी दवाखान्यात आली होती. ती आता गणिताची शिक्षिका झाली होती. मुलाच्या हाताला प्लॅस्टर घालून झाल्यावर तिने पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. आईने तो इतकी वर्षे जपून ठेवला होता. सही माझीच होती. ती रागावली नव्हती. शांतपणे म्हणाली, "डॉक्टरकाका, पायांबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबरच होतं. पण तेव्हा मी मराठी वाचत होते, तेरापर्यंतचे पाढे म्हणत होते. ते कुठं लिहिलंत?"

मजजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी प्रमाणपत्रे निराळ्या पद्धतीने लिहू लागलो. ती पद्धत आपणापुढे ठेवणे हा या लेखाचा हेतू आहे.

शब्दांचा प्रवास

आपल्या मराठीत या विषयाचे शब्द भरपूर आहेत आणि त्यांतील बहुतेक धारदार आहेत. लंगडा, पांगळा, लुळा, थोटा, कुबडा. हे शब्द आपण नेहमी शिवी म्हणून वापरतो असे नाही. पण आपल्या बोलण्यात त्यांनी खोल मूळ धरले आहे. पटण्याजोगी नसलेली सबब आपण 'लंगडी' ठरवितो. वासरांत शहाणी ठरणारी गाय लंगडीच असते. न टिकणारा युक्तिवाद 'लुळा' पडतो. वर्गात या म्हणी आणि वाक्प्रचार शिकविले जात असताना कुबड्या बाकाला टेकवून बसलेल्या मुलाला काय वाटत असेल, याचा विचार मी स्वतः साठाव्या वर्षापर्यंत केला नव्हता.

हैदराबादेत राहणाऱ्या आपणा मराठी माणसांच्या कानावर तर चार भाषांतील शब्द पडतात. तेलुगूत 'कुंटी' हा लंगड्याला वापरला जाणारा बोलीतला शब्द आहे, आणि 'विकलांगुलु' हा लेखी. आंध्र प्रदेशाच्या सरकारी भाषेत 'विभिन्न प्रतिभावंतुलु' असाही शब्दप्रयोग आला. उर्दूत 'माज़ूर' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'उज्र' म्हणजे सबब हा शब्द आहे. ज्याला सबब आहे, ज्याला सूट द्यावी, तो माज़ूर. शब्द ऐकायला अदबीचा आहे, पण शाळेच्या दारात त्याचा अर्थ 'याला शिकण्यातून सूट' असाही घेतला जाऊ शकतो.

सरकारी परिभाषाही काळाबरोबर बदलत गेली. १९९५ च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात 'निःशक्त व्यक्ति' असे शब्द होते. निःशक्त म्हणजे शक्ती नसलेला. समान संधी देणाऱ्या कायद्याने आरंभीच शक्ती नाकारावी, हा विरोधाभासच होता. २०१६ मध्ये नवा कायदा झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्याच्या हिंदी नावात 'दिव्यांगजन' आले. हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मधील आकाशवाणीवरील भाषणात सुचविला होता. महाराष्ट्रातही २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. हा शब्द अनेकांना आवडला. त्यात तुच्छता नाही, हे खरेच. परंतु अपंगत्व असलेल्या अनेक व्यक्तींनी त्याला हरकतही घेतली. आमच्या अंगात दिव्य असे काही नाही, आम्हाला देवत्व नको, उतार आणि नोकरी हवी, असे त्यांचे म्हणणे. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये भारताविषयीच्या आपल्या निरीक्षणांत या शब्दाबद्दल नापसंती नोंदविली.

संस्थांच्या नावांतही हा प्रवास दिसतो. आपल्या सिकंदराबादेत बोवेनपल्लीजवळ १९८४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था पूर्वी 'मेंटली हँडिकॅप्ड' हे शब्द नावात घेऊन काम करीत असे; आज तिच्या नावात 'बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींचे सक्षमीकरण' असे शब्द आहेत. मुंबईत हाजीअलीजवळ पोलिओ झालेल्या मुलांसाठी मोलाचे काम करणारी, १९४७ मध्ये स्थापन झालेली संस्था 'क्रिपल्ड चिल्ड्रेन' हे शब्द नावात घेऊन उभी राहिली. डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया'ने पुढे 'अडॅप्ट' हे नाव घेतले. ब्रिटनमधील 'स्पॅस्टिक्स सोसायटी' १९९४ मध्ये 'स्कोप' झाली, कारण 'स्पॅस्टिक' हा स्नायूंच्या ताठरपणाचा निव्वळ वैद्यकीय शब्द तेथील शाळांच्या मैदानावर मुलांच्या तोंडची शिवी बनला होता.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जुन्या नावांच्या संस्थांनी केलेले काम त्या नावांमुळे लहान ठरत नाही; त्यांनी आपल्या काळातला साधा शब्द घेतला होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केवळ शब्द बदलून भागत नाही. शब्दामागची दृष्टी तीच राहिली, तर नवा शब्दही दहा-वीस वर्षांत मळतो. सर्व शिक्षा अभियानाने 'विशेष गरजा असलेली मुले' हा चांगला शब्दप्रयोग रूढ केला. त्याची इंग्रजी आद्याक्षरे घेऊन आता शिक्षक सहज म्हणतात, "आमच्या वर्गात दोन सीडब्ल्यूएसएन आहेत." मूल पुन्हा हरवलेच! आपणही वॉर्डात 'बेड नंबर चारचे फ्रॅक्चर' किंवा 'ती पोलिओची केस' असेच म्हणतो, तेव्हा शिक्षकांना दोष देण्याचा अधिकार आपणास फारसा नाही.

एकच मुलगी, तीन प्रश्न

या गोंधळातून बाहेर पडण्याचा मार्ग आपल्याच शास्त्रात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये एक वर्गीकरण मांडले. त्यात शरीरातील दोष, त्यामुळे क्रियेत येणारी मर्यादा आणि समाजात वाट्याला येणारी अडचण, अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या होत्या. २००१ मध्ये या वर्गीकरणाची फेरमांडणी होऊन परिसराला, म्हणजे इमारत, साधने, माणसांची वृत्ती यांना, स्पष्ट स्थान मिळाले. २०१६ च्या आपल्या कायद्यातील व्याख्याही याच विचाराची आहे. शरीर, मन, बुद्धी किंवा इंद्रिये यांतील दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या परस्परसंबंधातून माणसाच्या बरोबरीच्या सहभागात बाधा येते, असे ती सांगते.

आता १९८४ ची ती मुलगी पुन्हा डोळ्यांसमोर आणू या. पहिला प्रश्न : शरीरात काय झाले आहे? दोन्ही पायांचे काही स्नायू पोलिओमुळे अशक्त आहेत. दुसरा प्रश्न : ती काय करू शकते आणि कशाला मदत लागते? कॅलिपर व कुबड्यांच्या साहाय्याने सपाट जमिनीवर स्वतः चालते; जिन्यावर मदत लागते. तिसरा प्रश्न : शाळेत तिला काय अडवते? पहिल्या मजल्यावरचा वर्ग. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलीच्या पायांत नव्हते, ते शाळेच्या वेळापत्रकात होते. एक वर्ग खाली आणला की प्रश्न सुटत होता. मी मात्र 'पांगळी' आणि 'अयोग्य' या दोन शब्दांत तिन्ही प्रश्न गुंडाळले आणि शाळेची अडचण मुलीच्या नावावर चढविली.

टक्केवारीचा पेच

येथे एक व्यावहारिक पेच सांगितला पाहिजे, कारण तो आपणा सर्वांच्या टेबलावर येतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट राहिली. संयुक्त आंध्रात 'सदरम' शिबिरे सुरू झाली आणि 'सदरम' हा शब्द आपल्या परिसरात घरोघरी पोहोचला. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रे केंद्राच्या युडीआयडी संकेतस्थळावरूनच देण्याची पद्धत आली.

पेच असा की, सवलतीसाठी कागदावर उणीव ठळक दिसावी लागते आणि शाळेसाठी क्षमता ठळक दिसावी लागते. तीच माता सकाळी निवृत्तिवेतनाच्या शिबिरात म्हणते, "डॉक्टरसाहेब, टक्के जरा जास्त लिहा," आणि दुपारी शाळेत शिक्षिकेला सांगते, "बाई, तिला तसं काहीच नाही हो." ती खोटे बोलत नसते. एकाच मुलीविषयी दोन दारांत दोन निरनिराळे प्रश्न विचारले जात असतात. म्हणून हे दोन कागद वेगळे ठेवावेत. टक्केवारीचे प्रमाणपत्र नियमानुसार मंडळाने द्यावे आणि ते त्या कामापुरतेच वापरावे. शाळेसाठी कार्यक्षमतेचे पत्र स्वतंत्रपणे लिहावे. टक्के हे त्या अवयवाच्या किंवा शरीरकार्याच्या मोजमापाचे असतात. 'ती साठ टक्के आहे' हे वाक्य आपल्या तोंडी कधीही येऊ नये.

आपल्या घरातील उदाहरण

शब्दांनी शिक्षणाची दारे कशी बंद होतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण वैद्यकीय शिक्षणातच आहे. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या मार्गदर्शक सूचनांत हालचालीचे अपंगत्व असलेल्या उमेदवाराचे 'दोन्ही हात शाबूत, संवेदना शाबूत, पुरेशी शक्ती' असणे आवश्यक मानले गेले होते. वाचताना हे वैद्यकीय वर्णन वाटते. वस्तुतः त्यात उमेदवार काय करू शकतो याची विचारणाच नाही. केवळ त्याचे शरीर कसे दिसावे हे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या प्रकरणात स्पष्ट केले की, केवळ ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व आहे एवढ्यावरून कोणी वैद्यकीय शिक्षणास अपात्र ठरत नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे मंडळाने तपासून कारणांसह लिहिले पाहिजे. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अनमोल विरुद्ध भारत सरकार या निकालात 'दोन्ही हात शाबूत' ही अट न्यायालयाने घटनेच्या व कायद्याच्या उद्दिष्टांशी विसंगत ठरविली.

ही दोन्ही प्रकरणे न्यायालयात जाण्यापूर्वी कोणा ना कोणा डॉक्टरांच्या मंडळासमोर गेली होती. तेथे 'अपात्र' हा शब्द ज्यांनी लिहिला, ते तुम्हा-आम्हांसारखेच सद्हेतूचे, घाईत असलेले डॉक्टर असावेत. १९८४ मधील माझा कागद आणि त्यांचा कागद यांत मला फारसा फरक दिसत नाही.

लिहिताना आणि बोलताना

अनुभवांती जी पथ्ये मी पाळतो, ती थोडक्यात सांगतो.

'पांगळी मुलगी' किंवा 'अपंग मुलगी' याऐवजी 'पायांत अपंगत्व असलेली मुलगी' असे लिहावे; आणि शक्य तेथे त्याहूनही नेमके, 'चालताना कुबड्या वापरणारी मुलगी'. 'चाकाच्या खुर्चीला खिळलेला' हा शब्दप्रयोग सोडून द्यावा. त्या खुर्चीमुळेच तर तो हिंडू-फिरू शकतो. 'चाकाची खुर्ची वापरणारा' हे पुरेसे आहे. कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेच्या संस्थापक नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाला 'चाकाची खुर्ची' असेच साधे नाव दिले आहे.

'पोलिओग्रस्त', 'पीडित', 'बळी पडलेला' हे शब्द टाळावेत. ग्रस्त म्हटले की पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त आठवतात आणि त्यांच्यामागे मदतीची रांग उभी राहते. 'लहानपणी पोलिओ झाला होता' एवढे सांगितले की वैद्यकीय माहिती पूर्ण होते. जुलै २०२४ मध्ये चित्रपटांतील अपंगत्वाच्या चित्रणासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही 'पीडित', 'बळी' अशा अर्थाच्या शब्दांविषयी सावध केले आहे. २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमानुसार अपंगत्व असलेल्या व्यक्तीचा जाहीर ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे, हेही येथे नमूद करतो.

'इतर मुले नॉर्मल आहेत' असे म्हणू नये, कारण त्यातून हे मूल ॲबनॉर्मल ठरते. 'इतर मुले' किंवा 'अपंगत्व नसलेली मुले' म्हणावे. विवाहाच्या जाहिरातींतील 'अव्यंग' हा शब्दही याच जातीचा आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही, सुज्ञ वाचक जाणतातच.

आपल्या व्याकरणाकडेही पाहावे. मुलगा असो वा मुलगी, अपंगत्व दिसले की आपली जीभ नपुंसकलिंगाकडे वळते : 'बिचारं', 'ते पोर', 'त्याला काय कळतंय'. ममतेपोटी म्हटलेले हे शब्द मुलाला वस्तूच्या जागी नेऊन बसवितात. 'तो' आणि 'ती' म्हणावे. तसेच प्रश्न मुलाला विचारावा, त्याच्या डोक्यावरून आईला विचारू नये.

कौतुकातही तोल राहावा. 'अपंग असूनही पहिली आली' यातील 'असूनही' हा शब्द काढून पाहावा; 'पहिली आली' एवढेच उरते आणि ते पुरेसे असते. काही वर्षांपूर्वी एका उत्सवात दहावीच्या गुणवंतांचा सत्कार होता. त्यात कुबड्या वापरणारा एक मुलगा होता. निवेदकांनी त्याच्या जिद्दीवर पाच मिनिटे भाषण केले, डोळे टिपले. आणि मंचाला आठ पायऱ्या असल्याने बक्षीस त्याला खालीच देण्यात आले. छायाचित्रात बाकीची मुले वर आणि तो खाली आहे. मी पाहुणा म्हणून मंचावर होतो. मलाही खाली उतरण्याचे सुचले नाही, याची खंत आहे.

काही मर्यादा

कोणता शब्द अखेरचा योग्य, असा हट्ट धरू नये. सरकारी अर्जावर कायद्यातील शब्द लिहावा, म्हणजे मुलाचा हक्क अडत नाही. महाराष्ट्रात या क्षेत्रात झगडणारे कित्येक कार्यकर्ते आजही 'अपंग' हाच शब्द अभिमानाने वापरतात. तो त्यांचा अधिकार आहे. समोरच्या व्यक्तीला काय आवडते, हे तिलाच विचारणे हा सर्वांत सोपा उपाय. लहान मुलांनाही विचारता येते. एका आठ वर्षांच्या मुलाने मला सांगितले होते, "मला काही म्हणू नका, माझं नाव घ्या."

घरातील आजींनी 'लंगडा बाळ' म्हटले म्हणून त्यांच्यावर खेकसण्याचे कारण नाही. भाषा धाकाने सुधारत नाही. डॉक्टर, शिक्षक आणि मंडळाचे पदाधिकारी यांनी आपले शब्द बदलले की घरातले शब्द हळूहळू बदलतात, असा माझा अनुभव आहे.

आणि शब्दांनी जिना चढता येत नाही, हेही विसरू नये. आदराने 'दिव्यांग' म्हणून वर्ग पहिल्या मजल्यावरच ठेवला, तर त्या आदराचा उपयोग काय? सांख्य दर्शनात अंध-पंगु न्याय सांगितला आहे. डोळस पंगू अंधाच्या खांद्यावर बसतो. एक वाट दाखवितो, दुसरा चालतो आणि दोघेही अरण्याबाहेर पडतात. त्या दृष्टांतात कोणी कोणाची कीव करीत नाही. कोणाजवळ काय आहे आणि कोणाला काय हवे आहे, एवढेच ते दोघे पाहतात.

आज लिहिला असता असा कागद

त्या शिक्षिकेने दाखविलेल्या कागदाची प्रत मी मागून घेतली. तिच्याखाली, आज मी काय लिहिले असते, ते लिहून ठेवले आहे. ते असे :

'वय ७ वर्षे. बालपणी पोलिओ झाल्यामुळे दोन्ही पायांचे काही स्नायू अशक्त आहेत. कॅलिपर व कुबड्यांच्या साहाय्याने सपाट जमिनीवर स्वतंत्रपणे चालते. जिन्यावर मदत लागते. दृष्टी, श्रवण, वाणी व हातांची हालचाल यांत अडचण नाही. मराठी वाचते, पाढे म्हणते. तिचा वर्ग तळमजल्यावर असावा. बाकाशेजारी कुबड्या ठेवण्यास जागा असावी. स्वच्छतागृहात आधारासाठी दांडी असावी. खेळाच्या तासाला तिला वर्गात एकटे न बसवता जमेल त्या खेळात घ्यावे.'

ज्या मुलांना हाताने लिहिण्यास वेळ लागतो, त्यांच्या पत्रात लेखनिकाची गरज आणि परीक्षेतील वाढीव वेळ यांचाही उल्लेख मी करतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांनुसार हा वेळ ताशी किमान वीस मिनिटे आहे. शिक्षकांना याची माहिती असतेच असे नाही, आणि डॉक्टरांच्या पत्रातील एक ओळ त्यांना उपयोगी पडते.

वरील मसुद्याच्या शेवटी मी प्रथम 'नियमित शाळेत प्रवेश देण्यास वैद्यकीय हरकत नाही' असे लिहिले होते. नंतर ते वाक्य खोडले. ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी तो ६ ते १८ वर्षांपर्यंत नेला आणि जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही त्यांच्याकडे सोपविली. त्या हक्काला डॉक्टरांच्या ना-हरकतीची आवश्यकता नाही. आपले काम परवानगी देण्याचे नसून शाळेला उपयोगी पडेल अशी माहिती देण्याचे आहे. हे समजायला मला पंचवीस वर्षे लागली.

हा मसुदा तपासून देण्याची विनंती मी त्या शिक्षिकेलाच केली. तिने लाल पेनाने एकच दुरुस्ती केली. 'पाढे म्हणते' याच्या आधी तिने लिहिले : 'तेरापर्यंत'.

आपल्या संस्थेतील सर्व डॉक्टर बंधु-भगिनींना नम्र विनंती आहे की, यापुढे शाळेसाठी पत्र लिहिताना चार मिनिटे अधिक द्यावीत आणि मुलाला काय येते, ती ओळ आधी लिहावी. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही सुचवावेसे वाटते की, पुढील स्नेहसंमेलनाचे सभागृह ठरविताना मंचाच्या पायऱ्या एकदा मोजून पाहाव्यात.